सिड बॅरेट : दंतकथेआड गेलेला गिटारवादक

खर्ज (धागाकर्ता)

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडवरच्या चर्चेत सिड बॅरेटचे नाव निघाले की बोलणे हमखास दोन गोष्टींवर येऊन अडकते: त्याने घेतलेले एलएसडी हे मादक द्रव्य आणि त्यानंतर बिघडलेले त्याचे मनःस्वास्थ्य. जून १९७५ मध्ये तो ॲबी रोड स्टुडिओत अचानक येऊन उभा राहिला आणि जुन्या सहकाऱ्यांनी त्याला ओळखलेच नाही, ही हकिकत तर इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिची उजळणी मी इथे करणार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की या माणसाने गिटारवर आणि गाण्याच्या बांधणीत नेमके काय केले, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. त्यासाठी हा धागा काढला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. रॉजर कीथ बॅरेट याचा जन्म ६ जानेवारी १९४६ रोजी केंब्रिजमध्ये झाला. वडील विकृतिशास्त्रज्ञ होते. मुलाला सोळा वर्षे पूर्ण होण्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर १९६१ मध्ये, ते वारले. १९६४ साली तो चित्रकला शिकण्यासाठी लंडनच्या कॅम्बरवेल कला महाविद्यालयात दाखल झाला आणि लंडनमध्ये असतानाच रॉजर वॉटर्स, निक मेसन व रिचर्ड राइट या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये सामील झाला. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची पहिली नावे जोडून बँडचे बारसेही त्यानेच केले. १९६६ च्या अखेरीस टॉटनहॅम कोर्ट रोडवर ‘यूएफओ’ क्लब सुरू झाला, तिथे हा बँड गाजला आणि पुढच्या वर्षी ईएमआय कंपनीने त्यांच्याशी करार केला.

आता मुख्य मुद्दा. बॅरेट वेगवान बोटांचा वादक कधीच नव्हता. त्याचे लक्ष सुरांपेक्षा सुरांच्या पोतावर होते. मिलानच्या बिन्सन कंपनीचे ‘एकोरेक’ नावाचे प्रतिध्वनी देणारे यंत्र तो वापरत असे. अशा बहुतेक यंत्रांत त्या काळी फीत फिरत असे. एकोरेकमध्ये फितीऐवजी चुंबकीय चकती फिरते आणि तिच्या कडेने ठरावीक अंतरावर बसवलेली हेड्स एकच आवाज थोड्या थोड्या वेळाने पुन्हा उचलतात. याचा उपयोग इतर वादक आवाजाला खोली देण्यासाठी करत. बॅरेट मात्र झिपो लायटर तारांवरून घसरवत नेई आणि त्या घसरत्या आवाजावर त्याचेच मागचे प्रतिध्वनी येऊन आदळू देई, त्यामुळे एकट्या गिटारचे तीन-चार थर एकमेकांच्या मागे धावताना ऐकू येतात. एएमएम या मुक्तवादन करणाऱ्या गटातील कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर धातूच्या वस्तू फिरवत असत; बॅरेटने ते जवळून पाहिले होते आणि ती कल्पना त्याने उभ्याने वाजवायच्या रॉक गिटारवर आणली. त्याच्या फेंडर एस्क्वायर गिटारवर आरशासारख्या गोल चकत्या चिकटवलेल्या होत्या, त्यामुळे मंचावरचा प्रकाश गिटारवरून परत प्रेक्षकांत फेकला जाई. चित्रकाराचाच हा विचार आहे, असे मला वाटते.

बँडच्या पहिल्या संग्रहातील (अल्बममधील) साडेनऊ मिनिटांहून मोठी वाद्यरचना कशी जन्मली तेही पाहण्यासारखे आहे. व्यवस्थापक पीटर जेनर ‘लव्ह’ या अमेरिकी बँडचे एक गाणे गुणगुणत होते, पण त्यांना सूर धड लागत नव्हता. ते काय गात आहेत हे गिटारवर शोधता शोधता बॅरेटच्या हाती भलताच उतरता स्वरक्रम लागला आणि त्याने तोच ठेवून दिला. रचनेच्या सुरुवातीला तो स्वरक्रम येतो, मग सगळे वादक त्याच्यापासून इतके दूर जातात की मूळ विसरायला होते, आणि शेवटी तो परत येतो.

ऑगस्ट १९६७ मध्ये आलेल्या त्या संग्रहातील अकरापैकी आठ गाणी एकट्या बॅरेटची आहेत. वर्ष संपेपर्यंत बँडबरोबरचे त्याचे काम जवळपास आटोपले होते. एवढ्याशा काळातील कामाचा वारसा म्हणून विचार करता येतो का, यावर तुमची मते वाचायला आवडतील.

मध्यलय

उत्तम धागा. गिटारवर तुम्ही लिहिलेच आहे, मी लयीबद्दल लिहितो, कारण काही वर्षे तबला शिकल्यामुळे माझा कान आधी तिकडेच जातो.

बॅरेटच्या गाण्यांत, विशेषतः बँडमधून बाहेर पडल्यावर आलेल्या १९७० च्या दोन एकल (सोलो) संग्रहांत, आवर्तन नावाची गोष्ट जवळपास नसते. ओळीत शब्द जास्त असतील तर मात्रा वाढतात, कमी असतील तर एखादी मात्रा गळून पडते, आणि पुढच्या ओळीला याचा काही हिशेब द्यावा लागत नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीतही अक्षरे कमीजास्त होतात आणि गाणारी बाई ती ओढून किंवा आवळून घेते, पण जात्याचा फेरा मात्र ठरलेला असतो. बॅरेटकडे जातेच ओवीप्रमाणे फिरते.

याचा परिणाम इतर वादकांवर काय झाला असेल याची कल्पना करा. रॉकमध्ये सर्वसाधारणपणे ड्रम आणि बास आधी ध्वनिमुद्रित करतात आणि गाणे त्यावर चढवतात. पहिल्या एकल संग्रहाच्या वेळी पुष्कळ ठिकाणी उलटे झाले: बॅरेटचा आवाज आणि त्याची गिटार आधीच फितीवर होती आणि बाकीच्यांना त्यावर वाजवायचे होते. १९६९ च्या मे महिन्यात ‘सॉफ्ट मशीन’ या बँडचे रॉबर्ट वायट, ह्यू हॉपर आणि माइक रॅटलेज यांनी दोन गाण्यांवर असे वादन केले. तिघेही विषम मात्रांत मुरलेले वादक होते, तरीही त्यांना पुढचा बदल कुठे येणार हे ऐकून ऐकून पाठ करावे लागले. गाणे कोणत्या पट्टीत आहे असे विचारले तर बॅरेट फक्त होकार देत असे, अशी आठवण वायट यांनी पुढे सांगितली आहे. ड्रमकडे लक्ष देऊन ही गाणी ऐकलीत तर ठोका किंचित मागे राहून गायकाला गाठताना स्पष्ट ऐकू येतो. मला त्या दोन गाण्यांचे सौंदर्य नेमके त्या मागे राहण्यातच वाटते.

उंबरठा

धागा अभ्यासपूर्ण आहे यात शंका नाही, परंतु मला विरुद्ध बाजू मांडू द्या.

पहिले म्हणजे, ज्याला मध्यलय रचना म्हणत आहेत ती रचना आहे की असमर्थता, हे कसे ठरवायचे? १९६७ मध्ये ईएमआयचे निर्माते नॉर्मन स्मिथ शेजारी बसलेले असताना बॅरेटची गाणी बांधेसूद आहेत. आधी बीटल्सचे ध्वनिमुद्रण केलेला हा माणूस शिस्तीचा होता आणि ती शिस्त त्या गाण्यांच्या फायद्याची ठरली. दोनच वर्षांनी शेजारी तसे कोणी नव्हते, तेव्हा गाणी सुटी पडली. एकाच माणसाच्या दोन अवस्थांना आपण एकच शैली म्हणत आहोत.

दुसरे म्हणजे, पहिल्या एकल संग्रहात गाणे सुरू करताना आवाज फाटतो, तो थांबतो, पुन्हा सुरू करतो, कागद उलटल्याचा आवाज येतो, आणि हे सर्व तसेच ठेवून बाजारात आणले गेले. संग्रहाचा मोठा भाग ज्यांनी निर्मिला त्या माल्कम जोन्स यांनाही हे भाग ठेवणे पटले नव्हते. आजारी माणसाची फजिती ऐकून ‘किती प्रामाणिक’ म्हणणे मला रुचत नाही. आणि तिसरे, जगाने पिंक फ्लॉइडला ओळखले ते बॅरेट गेल्यानंतरच्या कामामुळे. त्याच्या काळातील बँडचे पहिले सिंगल (स्वतंत्र तबकडीवर आलेले गाणे) विक्रीच्या ब्रिटिश यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत गेले, दुसरे सहाव्या, आणि तिसरे यादीत आलेच नाही.

खर्ज (धागाकर्ता)

उंबरठा, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी बराचसा सहमत आहे. जोन्स यांच्यानंतर, बँडमध्ये बॅरेटच्या जागी आलेले गिटारवादक डेव्हिड गिलमर आणि रॉजर वॉटर्स यांनी तो संग्रह पूर्ण केला. त्यांच्या हाती स्टुडिओचे मोजके दिवस होते आणि त्याच वेळी ते स्वतःच्या बँडचा दुहेरी संग्रहही तयार करत होते. ऐकणाऱ्याला खरी परिस्थिती कळावी म्हणून ते भाग ठेवले, असे गिलमर यांचे म्हणणे होते. हेतू वाईट नव्हता असे मी मानतो, पण ते तुकडे मी स्वतः ऐकत नाही, पुढे सरकवतो.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. शिस्त स्मिथ यांची होती हे खरे, पण १९६७ च्याच ऑक्टोबरमध्ये, बँडच्या दुसऱ्या संग्रहात गेलेल्या बॅरेटच्या एकमेव गाण्याच्या वेळचा प्रसंग पाहा. त्यासाठी साल्व्हेशन आर्मीचे ब्रास वाजवणारे बोलावले होते. त्यांनी मनाला येईल ते वाजवावे असे बॅरेटचे म्हणणे होते, तर स्मिथ यांना सुरावट लिहून हवी होती. आज ते गाणे ऐकताना मध्येच एक बँड जणू दुसऱ्याच रस्त्यावरून येतो, काही क्षण गोंधळ घालतो आणि निघून जातो, आणि मग उरतो तो फक्त बॅरेटचा आवाज आणि साधी गिटार. ज्याला काय करायचे ते ठाऊक नाही, तो निर्मात्याशी अशा मुद्द्यावर वाद घालत नाही. बँडच्या सरावात त्याने एक गाणे दर वेळी बदलून वाजवले आणि सहकाऱ्यांना ‘जमले का?’ असे त्या गाण्याच्याच ध्रुवपदातून विचारत राहिला, हा किस्सा वेडाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. वॉटर्स यांनी पुढे त्यातली विनोदबुद्धी मान्य केली. मला तो किस्सा नोकरी सुटणार हे कळलेल्या माणसाने काढलेल्या खोडीसारखा वाटतो.

तुमचा तिसरा मुद्दा यादीतील क्रमांकांचा आहे. त्यावर एवढेच सांगतो की २००१ मध्ये पिंक फ्लॉइडने सव्वीस गाण्यांचा निवडक संग्रह काढला, त्यात पाच गाणी बॅरेटची होती. बँडच्या जवळपास तीन दशकांच्या संचितातून केलेल्या निवडीत एका वर्षाच्या कामाला जवळजवळ पाचवा हिस्सा मिळाला. त्याच्या मानधनाचे पैसे त्याच्यापर्यंत पोचतात की नाही यावर गिलमर यांची नजर असे, हेही इथे सांगितले पाहिजे.

दोरीवरचे कपडे

माझ्या सदस्यनामावरून कळलेच असेल की मला बॅरेटने बँडसाठी लिहिलेले पहिले सिंगल किती प्रिय आहे. रात्री दोरीवर वाळत घातलेले बायकांचे कपडे चोरून नेणाऱ्या एका माणसाची ती गोष्ट आहे, आणि तिच्यामागे खरी घटना होती: केंब्रिजमध्ये बॅरेट आणि वॉटर्स या दोघांच्याही घरी विद्यार्थिनी भाड्याने राहत असत आणि त्यांचे कपडे दोरीवरून चोरीला जात. मार्च १९६७ मध्ये, जेव्हा बाकीचे बँड प्रेम आणि विश्वशांती यांवर गात होते, तेव्हा हा तरुण शेजारच्या परसातील भुरट्या चोरावर, त्याला पकडून शिक्षा होईपर्यंत, तीन मिनिटांचे गाणे घेऊन येतो. रेडिओ लंडन या समुद्रातून चालणाऱ्या केंद्राने त्यावर बंदी घातली. बॅरेटच्या सायकेडेलिक संगीताचा पाय परसात, मुलांच्या गोष्टीत आणि सायकलीत रोवलेला आहे, अंतराळात त्या मानाने कमी. जिथे अंतराळ आहे त्या गाण्याच्या सुरुवातीला ग्रहताऱ्यांची नावे ऐकू येतात, आणि ती वाचली आहेत कर्ण्यातून व्यवस्थापक जेनर यांनी!

प्रवाही

या विषयाला भारताशी जोडणारा एक धागा आहे, त्याची नोंद करतो. साठच्या दशकाच्या मध्याला केंब्रिजच्या त्या मित्रमंडळातील काही तरुण राधास्वामी सत्संग, बियास या पंथाकडे ओढले गेले होते. पंजाबातील बियासचे गुरू महाराज चरणसिंग यांच्याकडे बॅरेटनेही दीक्षेची इच्छा व्यक्त केली होती आणि त्यांनी नकार दिला. आधी शिक्षण पूर्ण करण्यास सांगितले, असे त्याच्या मित्रांनी नमूद केले आहे. तो नकार त्याला लागला असेही मित्र सांगतात. मात्र यावरून ‘दीक्षा मिळाली असती तर’ अशी कादंबरी रचू नये, आणि त्याच्या संगीतात भारतीय संगीत शोधण्याचाही हट्ट धरू नये. एका गाण्याचे शब्द त्याने ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथावरून घेतले आहेत, एका गाण्यासाठी जेम्स जॉइसची कविता घेतली आहे, पहिल्या संग्रहाचे नाव इंग्रजी बालसाहित्यातील एका प्रकरणाचे आहे. हाताशी आलेल्या पुस्तकातून उचलायचे आणि आपल्या चालीत बसवायचे ही त्याची सवय होती, तिला कोणत्याही एका परंपरेचे लेबल लावता येणार नाही.

फेनलँड

मी नोकरीनिमित्त केंब्रिजच्या परिसरात राहतो. इथे त्याच्या उत्तरायुष्याबद्दल जे ऐकू येते ते वर्तमानपत्री दंतकथांपेक्षा बरेच साधे आहे. १९७२ च्या फेब्रुवारीत ‘स्टार्स’ या अल्पजीवी बँडबरोबर तो इथल्या कॉर्न एक्स्चेंज सभागृहात वाजवायला उभा राहिला होता. कार्यक्रम फसला, लंडनच्या एका संगीत साप्ताहिकात प्रतिकूल समीक्षा आली आणि तो प्रयोग तिथेच संपला. १९७४ मध्ये जेनर यांनी त्याला पुन्हा स्टुडिओत नेले, पण हाती काही लागले नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीस तो लंडनहून केंब्रिजला चालत परतला. हे अंतर साधारण ऐंशी किलोमीटर आहे. त्यानंतर सिड हे नाव त्याने टाकून दिले आणि रॉजर म्हणून राहिला. बागकाम, घरातील सुतारकाम, आणि चित्रे. चित्र पूर्ण झाले की तो त्याचे छायाचित्र काढी आणि पुष्कळदा मूळ चित्र नष्ट करी.

त्याच्या बहिणीचे म्हणणे असे की, ऐंशीच्या दशकानंतरच्या काळात त्याच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू नव्हते आणि लोक रंगवतात तसा तो दिवसभर शून्यात बघत बसणारा माणूस नव्हता. त्याला खरा त्रास होता तो दारावर येऊन थडकणाऱ्या चाहत्यांचा आणि छायाचित्रकारांचा. दुकानातून परतणाऱ्या, वजन वाढलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाचे चोरून काढलेले फोटो ज्यांनी छापले आणि ज्यांनी आवडीने पाहिले, त्या सर्वांचा मला राग येतो. मीही तरुणपणी ते पाहिले आहेत. ७ जुलै २००६ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने तो वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. सायकल, स्वतः रंगवलेले फर्निचर, चित्रे अशा वस्तूंना मिळून सुमारे १ लाख २० हजार पौंड आले आणि ते कलाशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिले गेले. जिथे तो कार्यक्रम फसला होता त्या कॉर्न एक्स्चेंजमध्येच २०१६ मध्ये त्याचे स्मृतिशिल्प बसवण्यात आले.

मध्यलय

फेनलँड, माहितीबद्दल आभार. वारशाच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. बॅरेटचा वारसा पिंक फ्लॉइडच्या पुढच्या संगीतात शोधणे हीच मला दिशाभूल वाटते. गिलमर यांची लांब श्वासाची, सुरेल गिटार हा बॅरेटचा वारसा नाही. तो दुसरीकडे गेला. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी यांनी १९७३ मध्ये त्याचे एक गाणे गायले, आणि बॅरेटमुळे आपल्याला इंग्रजी माणसासारख्या उच्चारात रॉक गाता येते हे कळले, असे त्यांनी म्हटले आहे. त्या काळी लंडनचे तरुण गायक अमेरिकी उच्चारांत गात, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. मग पंकच्या पिढीत ‘टेलिव्हिजन पर्सनॅलिटीज’ यांनी १९८१ मध्ये त्याच्यावरच गाणे केले. १९८४ मध्ये ‘जीझस अँड मेरी चेन’ या स्कॉटिश बँडने आपल्या पहिल्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला त्याचे असे गाणे वाजवले, जे पिंक फ्लॉइडने तोवर अधिकृतपणे प्रसिद्धच केले नव्हते! ते मूळ ध्वनिमुद्रण बाहेर यायला २०१६ साल उजाडले. चोरट्या कॅसेटींवरून फिरणारे एक गाणे बत्तीस वर्षे आधीच दुसऱ्यांच्या हातात पोचले होते. गिटारच्या कर्कश आवाजात गोड चाल दडवण्याची जी रीत त्या स्कॉटिश मंडळींनी रूढ केली, तिचे बीज मला बॅरेटच्या झिपो लायटरमध्ये दिसते.

उंबरठा

उच्चारांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, आणि तो मला पटला. लायटरपासून स्कॉटलंडपर्यंतची रेघ मात्र तुम्ही जरा सढळ हाताने ओढली आहे; मध्ये ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या अमेरिकी बँडचे मोठे स्थानक लागते. एकल संग्रहांबद्दलचे माझे मत कायम आहे. पण पहिला संग्रह पुन्हा ऐकायचा असेल तर कोणती आवृत्ती घ्यावी, हे सांगाल का? माझ्याकडे स्टिरिओ (दोन वाहिन्यांची) आहे.

खर्ज (धागाकर्ता)

मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेली) ऐका. १९६७ मध्ये बहुतेकांच्या घरी मोनोच तबकडी वाजत असे, म्हणून स्टुडिओत वेळ आणि लक्ष मोनो मिश्रणालाच जास्त मिळाले, स्टिरिओ त्या मानाने घाईत उरकले गेले. मोनोत गिटार आणि ऑर्गन एकमेकांना घासून जातात आणि एकोरेकचे थर सुटे न होता एका जागी दाटतात. अपवाद फक्त त्या लांब वाद्यरचनेचा. तिच्यात दोन स्वतंत्र वादने एकावर एक चढवलेली आहेत, आणि मूळ स्वरक्रम परत येताना स्मिथ यांनी आवाज एका कानातून दुसऱ्या कानात इतक्या वेगाने फिरवला आहे की ती एवढी रचना स्टिरिओमध्ये आणि हेडफोन लावूनच ऐकावी.